जुन्या मॉडेल आउटबोर्डला इलेक्ट्रिक मोटर बसवा, आणि तलावाचा एक कोपरा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात छंदांवर बरंच येतं पण रेडिओ कंट्रोल बोटींवर कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून लिहितोय. मॉडेल बोटीच्या मागे बाहेरून लागणारी छोटी आउटबोर्ड (इंजिन आणि पंखा एकाच यंत्रात) पूर्वी ग्लो इंजिनवर, म्हणजे मिथेनॉलवरच्या छोट्या इंजिनवर, चालायची, अमेरिकेतल्या के अँड बी कंपनीचं ३.५ सीसीचं आउटबोर्ड जुन्या छांदिष्टांना नक्की माहीत असेल. आता इंधन मिळायची मारामार, पार्ट मिळत नाहीत, आणि आवाज तर असा की सोसायटीवाले खाली उतरून येतात. म्हणून लोक ती माळ्यावर टाकतात नाहीतर भंगारात घालतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका. खालची लेग (पाण्यात उतरणारा भाग) आणि प्रॉपचा, म्हणजे पंख्याचा, शाफ्ट शाबूत असेल तर वरचं इंजिन काढून तिथे ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) विजेची मोटर बसते आणि बोट झकास पळते.

काम फार अवघड नाही पण घाईचं नाही. साधारण ३६ मिमी व्यासाची इनरनर (बाहेरचा डबा स्थिर, आतला भाग फिरणारी) मोटर घ्यायची, तिच्या तोंडावर २५ मिमी अंतरावर एम ३ स्क्रूची भोकं असतात, त्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लेथवाल्याकडून करून घ्यायची आणि मोटर उभी बसवायची. सगळा खेळ इथेच आहे. मोटरचा शाफ्ट आणि लेगमधला शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. स्क्रू सैल ठेवून प्रॉप हातानं फिरवा, फेऱ्यात कुठे जड लागलं तर प्लेट सरळ बसलेली नाही, मग थोडं सरकवा, परत फिरवा, आणि सगळीकडे सारखं हलकं लागलं की मगच थोडे थोडे करून स्क्रू आवळा. हे टाळलं तर बेअरिंग जातं आणि लोक दोष मोटरला देतात.

काही आउटबोर्डमध्ये खाली बेव्हल गिअर (फिरण्याची दिशा वळवणारे तिरक्या दात्यांचे) असतात, काहींत वाकलेली फ्लेक्स केबल (पिळलेल्या तारांचा लवचीक शाफ्ट). केबल असेल तर ती पीळ आवळेल त्याच दिशेनं फिरली पाहिजे, उलटी फिरली तर उकलते. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा, पण प्रॉपची दिशाही जुळते का ते आधी बघा. लोड आला की केबल आखडते, म्हणून ड्राइव्ह डॉगच्या (प्रॉपला पकडून फिरवणाऱ्या शाफ्टवरच्या तुकड्याच्या) पुढे दोन-तीन मिमी फट ठेवायची, आणि ग्रीस भरपूर.

आता केव्हीबद्दल (एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा), कारण नवी मुलं इथेच फसतात, दुकानदार मोठा आकडा दाखवतो आणि मुलं भुलतात. २००० केव्हीची मोटर ३ सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर), म्हणजे ११.१ व्होल्टवर, लोड नसताना मिनिटाला २२,२०० फेरे घेते आणि या कामाला ते पुरेसं आहे. त्याच बॅटरीवर ४००० केव्हीची लावली तर फेरे दुप्पट होतात, पण तोच प्रॉप दुप्पट वेगानं फिरवायला ताकद आठपट लागते, मग ते बारीक गिअर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कुठून टिकणार? आधी छोटा प्रॉप लावा, अर्धा मिनिट चालवा, बोट काठाला आणून मोटर आणि ईएससीला हात लावून बघा, मगच पुढचा प्रॉप.

ईएससी बोटीचाच घ्या, पाण्यानं थंड होणारा. प्रॉपच्या मागून पाणी उचलणारी नळी आधी ईएससीत आणि मग मोटरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये न्यायची. आउटबोर्ड वळताना मोटरही वळते, म्हणून वायरी मऊ सिलिकॉनच्या आणि थोड्या सैल हव्यात. अंतर कमी पडलं तर मोटरकडच्या वायरी वाढवा, बॅटरीकडच्या लांबवल्या तर ईएससीचे कपॅसिटर जातात. आणि लायपो पूर्ण उतरू देऊ नका, चार्जिंगला लावून बाहेर निघून जाऊ नका, हे मुलांच्या आईवडिलांनी तरी नक्की वाचावं.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण आमच्यापुढचा खरा प्रश्न जागेचा आहे. मध्यंतरी एका तलावावर इलेक्ट्रिक बोट घेऊन गेलो तर वॉचमननं काठावर उभं राहू दिलं नाही, म्हणाला तेल सांडतं आणि आवाज होतो. ग्लो इंजिनात मिथेनॉलबरोबर एरंडेल किंवा सिंथेटिक तेल असतं आणि ते एक्झॉस्टमधून पाण्यावर येतं हे खरंच आहे. पण बॅटरीवाल्या बोटीत ते कुठून येणार? आणि विजेची बोट काही नवी नाही. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूवे या फ्रेंच संशोधकानं पॅरिसला सीन नदीत सुकाणूवर बसवलेल्या विजेच्या मोटरवर बोट चालवली, काढता-घालता येणारी, म्हणजे आउटबोर्डच. १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कला रेडिओवर चालणारी बोट दाखवली, तीही बॅटरीवरच होती.

आपल्याकडे एनसीसीच्या नेव्हल विंगची मुलं शिप मॉडेलिंग करतात, त्यांनाही सरावाला पाणी लागतं. ठाण्यासारख्या तलावांच्या शहरात रविवारी सकाळी दोन तास, जलपर्णी नसलेला एखादा कोपरा (ती प्रॉपमध्ये गुंतली की मोटर तिथेच तापते), फक्त इलेक्ट्रिक बोटींसाठी आणि पोहणारे, बदकं, मासेमारीचे गळ यांच्यापासून लांब, एवढं महापालिकांनी ठरवून द्यावं आणि काठावर तसा बोर्ड लावावा. आपल्या पेपरानं हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक मॉडेल बोटवाला, ठाणे