वर्कशॉपचे गुण जर्नल पाहून देऊ नका

मा. संपादक,

तंत्रशिक्षणात वर्कशॉपचे गुण बहुधा तयार जॉब (विद्यार्थ्याने बनवायची वस्तू) आणि जर्नल पाहून दिले जातात. जॉब दुसऱ्याने कानसून दिला, जर्नल उतरवून काढले, तरी गुण पडतात. विद्यार्थ्याच्या हाताला काय आले, ते मात्र कळत नाही.

फिटिंगचा नर-मादी जॉब, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन भाग, घ्या. कानस डुलली की कडा जास्त झिजतात आणि मध्य उंच राहतो. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचे साधन) लावून उजेडाकडे धरले की फट दिसते. मादी भागाच्या आतल्या कोपऱ्यात कानस नीट पोहोचत नाही, म्हणून तिथे आधी हॅकसॉची (धातू कापायच्या करवतीची) बारीक खाच किंवा छोटे भोक घ्यावे लागते. ते राहिले तर नराचा कोपरा अडतो, आणि मुले मापात असलेल्या बाजूच कानसत बसतात. परीक्षकाला शेवटी दिसते ती नुसती फट. कारण विचारल्याशिवाय कळायचे नाही.

लेथवर (जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) गरम जॉब मोजण्याची चूक सर्रास होते. २५ मिमी व्यासाचे पोलाद ४० अंशांनी तापलेले असेल तर सुमारे ०.०१ मिमी जास्त भरते, म्हणजे मायक्रोमीटर या मोजण्याच्या उपकरणावरचा एक भाग. थंड झाल्यावर जॉब तेवढा लहान. वेल्डिंगचा बीड (जोडावरची धातूची रेघ) वरून कितीही देखणा असो, एक तुकडा मोडून मुळापर्यंत धातू वितळला का, हे पाहिलेच पाहिजे.

आमची सूचना अशी. कच्च्या मालावर, जी बाजू कापली जाणार नाही तिथे, हजेरी क्रमांक पंच करावा. मापे प्रत्येकाला वेगळी द्यावीत: एकाला २२ मिमी, दुसऱ्याला २१.४. जॉब जमा करण्याआधी विद्यार्थ्याने तो स्वतः मोजून आकडे लिहावेत, मग परीक्षकाने मोजावे. दोघांची मापे किती जुळतात, यालाही १०० पैकी किमान २० गुण हवेत. जॉब मापाबाहेर गेला, पण किती आणि कशामुळे हे ज्याने बिनचूक लिहिले, त्याला नापास करणे अन्यायाचे आहे.

हे मापांचे तक्ते टाकून देऊ नयेत, अभ्यासक्रमाची परीक्षाही त्यातूनच होते. सेंटरच्या (टोकाला आधार देणाऱ्या अणीच्या) आधाराने केलेल्या बहुतेक जॉबचा व्यास एकाच लेथवर टेलस्टॉककडे (ती अणी धरणाऱ्या, सरकणाऱ्या भागाकडे) जास्त येत असेल, तर टेलस्टॉक सरकलेला असण्याची शक्यता मोठी. संपूर्ण तुकडीच्या जॉबमध्ये कोपऱ्याची खाच नसेल, तर ती प्रात्यक्षिकातच दाखवायची राहिली असणार. अशा वेळी मुलांचे गुण कापू नयेत. आधी यंत्र आणि शिकवणे तपासावे.

आपले,
कार्यशाळेतील काही निदेशक