मुद्दाम हरू नकोस

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, बाहेर फार गारठा आहे, अंधारही लवकर पडतो, आणि संध्याकाळभर दोन्ही मुलं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. त्यांच्यासाठी काही खेळ सुचव म्हणालास. सुचवते, पण फक्त त्यांच्यासाठी नाही, तुम्हा चौघांसाठी. मुलांना खेळात अडकवून तू लॅपटॉप उघडून बसणार असशील, तर मग टीव्हीने काय घोडं मारलंय?

खेळ निवडताना मी एकच बघते. मोठ्या माणसावर मुद्दाम हरायची पाळी येऊ नये. मुद्दाम हरलेलं मुलांना बरोबर ओळखू येतं. पहिल्यांदा खूश होतात, मग खेळातला जीवच जातो. आणि दर वेळी तूच जिंकलास तर पट उधळला जाईल. तेव्हा मी उधळणाऱ्याच्याच बाजूने असेन, हे आधीच सांगून ठेवते.

म्हणून धाकट्यासाठी सापशिडी. डोकं चालवायला जागाच नाही म्हणून तुम्ही तिला हसता, पण तिचं मोठेपण त्यातच आहे. पडेल तेवढं दान चालायचं. फाशापुढे पाच वर्षांचं पोर आणि त्याचा इंजिनिअर बाप सारखेच. फाशाची गंमतही त्याला दाखव. नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 होते. वर 2 असेल तर खाली 5. एकदा कळलं की घरी येईल त्याला तो हे दाखवत सुटेल.

पत्ते उपडे पसरून जोड्या शोधायचा खेळही तसाच. दोन उलटायचे, सारखे निघाले तर आपले, नाहीतर पुन्हा उपडे. सगळ्या 26 जोड्या एकदम मांडू नका, आधी दहा पुरेत. इथे मात्र तू मन लावून खेळ. तुझं लक्ष फोनकडे जातं, त्याचं पत्त्यांवरून हलत नाही. बघ कसा धुतो तुला.

थोरलीला हे पुरणार नाही. तिच्याशी काड्यांचा खेळ खेळ. टेबलावर 21 काड्या ठेवायच्या. आळीपाळीने प्रत्येकाने एक, दोन किंवा तीन उचलायच्या. शेवटची काडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. यातली मेख अशी, की दुसरा खेळणारा दर वेळी जिंकू शकतो. समोरच्याने एक उचलली तर आपण तीन, दोन तर दोन, तीन तर एक. दर फेरीला चार जातात. 21 च्या 17 होतात, मग 13, 9, 5, आणि शेवटी त्याच्यापुढे एकटी काडी उरते. हे तिला सांगायचं नाही. मागायचंच झालं तर तिने कागद-पेन्सिल मागावी, उत्तर नव्हे. ज्या दिवशी ती ‘बाबा, आधी तुम्ही’ म्हणेल, त्या दिवशी समज की तिला सापडलं. मग गुपचूप एक काडी कमी कर. 20 काड्यांना पहिला खेळणारा जिंकतो, सुरुवातीला तीन उचलून. ते तिला कधी उमगतं ते मला कळव, मला फार उत्सुकता आहे.

बुद्धिबळ खेळणार असाल तर तुझा वजीर आधीच पटाबाहेर ठेव. ती जिंकायला लागली की वजीर परत घे आणि फक्त एक हत्ती काढ. तू सवलत काय दिलीस ते उघड असतं, त्यामुळे तिचा विजय खराच.

हिवाळ्यातच जमणारी एक गंमत आहे. थंड हवेत बाष्प कमी असतं. तीच हवा घरात येऊन तापली की आणखी कोरडी होते. अशा हवेत घर्षणाने आलेला विद्युतभार लगेच निसटून जात नाही. फुगा लोकरीच्या स्वेटरवर घासा आणि भिंतीला लावा, चिकटून बसेल. कागदाचे कपटे त्याच्याकडे उड्या मारतील. कुणाचा फुगा जास्त वेळ टिकतो, अशी शर्यत लावा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचल, धाकटा अजून तोंडात काहीही घालतो.

उशा-चादरींचा किल्ला तर ती दोघं तुला न विचारताच बांधतील. आत एक टॉर्च दे. हात टॉर्चजवळ नेला की सावली मोठी होते, चादरीजवळ नेला की लहान आणि रेखीव. बाकीचं त्यांचं त्यांना सुचेल.

आणि एक जिगसॉ कोडं टेबलाच्या कोपऱ्यावर कायम मांडलेलं असू दे. त्यात हरणं-जिंकणं नाही. येता-जाता कुणीही एक तुकडा बसवावा. विकतचंच हवं असं नाही. 1760 च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे करणाऱ्याने नकाशा लाकडावर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. तुम्ही जुना नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवा. कापायचं काम थोरलीचं, जुळवायचं तुझं. तुझा भूगोल मला माहीत आहे.

रोज खेळलंच पाहिजे असं काही नाही. कंटाळलात तर सरळ झोपा.

तुझी,
आई

ता. क. काड्यांची युक्ती मी सूनबाईला कालच फोनवर सांगितली आहे. जपून खेळ.