उद्या तीन वाजता आत जाण्याआधी हे वाच

चि. ओंकार,

साडेअकरा झालेत, बाबा कधीच झोपले, मला झोप येत नाहीये म्हणून टाइप करत बसलेय. मगाशी फोनवर म्हणालास, आई काही नाही गं, पाच मिनिटांचं काम आहे, हॉस्पिटलमधल्या शुक्रवारच्या औषधांच्या काउंटबद्दल एचआरला काहीतरी विचारायचंय. मी म्हटलं युनियनच्या स्टुअर्डला सोबत घे, तर तू म्हणालास मी काही केलेलंच नाहीये मग युनियनचा माणूस कशाला, उलट त्यांना वाटेल याच्या मनात काहीतरी आहे. तू बसमध्ये होतास म्हणून मी तेव्हा जास्त बोलले नाही. पण तेच वाक्य मी स्वतः २०१२ साली स्वतःशी म्हटलं होतं आणि ते मला महागात पडलं, म्हणून आज सगळं सांगते, आत्तापर्यंत तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू पाचवीत होतास. मला इथे अमेरिकेत सुपरमार्केटच्या डेली काउंटरला, म्हणजे तयार खाणं विकतात तिथे, लागून तीनच वर्षं झाली होती. रविवारी क्लोजिंगला मी एक केक घेतला, त्यावर अर्ध्या किमतीचा स्टिकर होता, तो स्टिकर बेकरीतल्या मुलीने लावलेला, मी लावला नव्हता. मंगळवारी शिफ्टच्या मध्येच मॅनेजर आला, म्हणाला जरा दोन मिनिटं वरती येतेस का. वर लॉस प्रिव्हेन्शनचा, म्हणजे दुकानातल्या चोऱ्या शोधणारा माणूस बसलेला, मी आत गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही, पाणी पण दिलं. आणि मी काय केलं, तर आपल्याला सवय असते ना, कोणी मोठं माणूस नाराज दिसलं की आधी सॉरी म्हणायचं, तसं मी पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा सॉरी म्हटलं. माझं सॉरी म्हणजे तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी. त्याने ते गुन्हा कबूल केला असं धरलं. मग पिवळ्या कागदांचं पॅड माझ्याकडे फिरवलं, वर पेन ठेवलं, म्हणाला जे आत्ता बोललीस तेच तुझ्या हाताने लिही म्हणजे विषय संपेल. मी लिहिलं. आय ॲम सॉरी असं लिहून खाली सही केली.

पाच दिवस बिनपगारी सस्पेन्शन आणि फायनल वॉर्निंग. तुला आठवत असेल, एक आठवडा मी घरी होते, तुला सांगितलं होतं सुट्टी घेतलीय, तू शाळेतून आलास की आपण रोज काहीतरी करायचो, बेसनाचे लाडू पण त्याच आठवड्यात केले. तू किती खूश होतास. मी रात्री बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

आमचा स्टुअर्ड मीट डिपार्टमेंटला होता, त्या दिवशी तो जिन्याच्या खालीच पांढरा कोट घालून मटण कापत होता. नंतर ग्रीव्हन्स, म्हणजे युनियनतर्फे तक्रार, टाकायला त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने तो कागद वाचला, बराच वेळ काही बोलला नाही आणि मग एवढंच विचारलं, तू मला हाक का नाही मारलीस? ग्रीव्हन्समध्ये काही हाती लागलं नाही, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं ना.

त्याने मला दुसऱ्या दिवशी पाकिटात मावेल असं एक छोटं कार्ड दिलं, वर लिहिलेलं वाइनगार्टन राइट्स. मला वाटलं हा कोणी मोठा युनियन लीडर असेल. तर नाही, वाइनगार्टन हे टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या दुकानांच्या चेनचं नाव, म्हणजे जे केस हरले त्यांचं. जी बाई लढली तिचं नाव लिउरा कॉलिन्स, आणि ती पण माझ्यासारखीच खाण्याच्या काउंटरवर काम करायची. मला तिच्याबद्दल फार वाटतं म्हणून तिची गोष्ट नीट वाच.

जून १९७२. अकरा वर्षं नोकरी झालेली. दुकानाने तिच्यावर नजर ठेवायला माणूस पाठवला, त्याने दोन दिवस तिला कळू न देता पाहिलं, रजिस्टरमध्ये काही गडबड सापडली नाही. तेवढ्यात मॅनेजरने त्याला सांगितलं की हिच्यासोबत काम करणारी एकजण म्हणतेय, हिने २ डॉलर ९८ सेंटचा चिकनचा बॉक्स घेतला आणि गल्ल्यात एकच डॉलर टाकला. बोलावलं आत. तिने परत परत सांगितलं की माझ्या स्टुअर्डला बोलवा, नाही म्हणाले. मग तिने सांगितलं की मी एक डॉलरचेच चार तुकडे घेतले, छोटे बॉक्स संपले होते म्हणून मोठ्यात भरले. त्याने बाहेर जाऊन चौकशी केली, खरंच छोटे बॉक्स संपलेले होते, आणि जिने चहाडी केली तिने आत किती तुकडे आहेत ते पाहिलेलंच नव्हतं. परत येऊन सॉरी म्हणाला, विषय संपला म्हणाला.

आणि इथे ती रडायला लागली. रडता रडता बोलून गेली की या दुकानातून पैसे न देता मी फक्त माझं दुपारचं जेवण घेतलंय, बाकी काही नाही. ते ऐकून त्यांनी तिला परत बसवलं. ती आधी ज्या दुकानात होती तिथे जेवण फ्री होतं, इथे नाही असं त्यांचं म्हणणं. तिने परत स्टुअर्ड मागितला, परत नाही. कागद लिहून पुढे केला, साधारण १६० डॉलर देणं लागते म्हणून सही कर. तिने सही केली नाही. ओंकार, मी एका केकसाठी सही केली आणि ती बाई रडत असताना पण सही न करता बसून राहिली, हे मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला भरून येतं. शेवटी हेड ऑफिसला फोन केला तर तिथेच कोणाला नियम नक्की माहीत नव्हता, आणि त्या काउंटरवरचे जवळजवळ सगळेच, मॅनेजर धरून, फुकट जेवत होते. मग तिला सोडलं आणि सांगितलं बाहेर कोणाला बोलू नको. ती सरळ जाऊन युनियनला बोलली. कामगार-मालक तंटे बघणाऱ्या सरकारी लेबर बोर्डाने तिची बाजू धरली, अपील कोर्टाने नाही म्हटलं, आणि १९ फेब्रुवारी १९७५ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन तिच्या बाजूने निकाल दिला.

आता बघ, तिने काही केलेलंच नव्हतं. म्हणजे ज्याने काही केलं तोच युनियनचा माणूस मागतो हे जे तू म्हणालास ते मुळातच चुकीचंय. ज्याने काही केलं नाही तोच घाबरून नको ते बोलून जातो, कारण त्याने उत्तराची तयारीच केलेली नसते.

त्या निकालाने तुला काय मिळालं ते सांगते. मॅनेजमेंट तुला काही विचारायला बोलावतंय आणि तुला योग्य कारणाने वाटतंय की यातून शिक्षा होऊ शकते, तर तू तुझा युनियन रेप, म्हणजे स्टुअर्ड किंवा युनियनचा दुसरा प्रतिनिधी, मागू शकतोस. पण मागायचं तू. त्यांनी तुला सांगायला पाहिजे असं कायद्यात नाहीये, टीव्हीवर पोलीस पकडताना वाचून दाखवतात तसं इथे कोणी वाचून दाखवत नाही (फेडरल गव्हर्न्मेंटच्या लोकांना वर्षातून एकदा कळवावं लागतं, तुमच्यासारख्या प्रायव्हेट हॉस्पिटलला तेही नाही). तू बोलला नाहीस तर तो हक्क असून नसल्यासारखा. आणि एकदा मागितलास की त्यांच्याकडे तीनच रस्ते राहतात, एक तर रेप येईपर्यंत थांबायचं, नाहीतर मीटिंग तिथेच बंद करायची, नाहीतर तुला विचारायचं की रेपशिवाय बोलतोस का मीटिंगच नको. तिसरं विचारलं तर तू मीटिंग नको म्हणायचं. मग ते तुला न विचारता बाकीच्या माहितीवर निर्णय घेऊ शकतात, ते मला माहितीये, तरी पण माझ्यासारखं स्वतःच्या हाताने लिहून देण्यापेक्षा ते हजारपट बरं.

रेप तिथे नुसता बसायला येत नाही. विषय काय आहे हे तो आधी विचारू शकतो, सुरू व्हायच्या आधी तुझ्याशी बाजूला बोलू शकतो, प्रश्न गोल गोल असेल तर नीट विचारा म्हणू शकतो, त्या दिवशी औषधांचा ड्रॉवर अजून कोणी उघडला होता त्यांची नावं पुढे ठेवू शकतो. तुझ्या वतीने उत्तरं तो देणार नाही, ती तुलाच द्यायचीत आणि खरीच द्यायचीत. आणि अमुकच रेप पाहिजे, तो सुट्टीवरून आल्यावर बोलू असं करता येत नाही, जो हजर असेल तो घ्यायचा. सुपरवायझर काम समजावून सांगतोय, ट्रेनिंग देतोय, तिथे हे लागू नाही. निर्णय आधीच झालाय आणि फक्त कागद हातात देतायत, तिथे पण नाही. पण तुझं तसं नाहीये रे. औषधांचा काउंट, एचआर, आणि सुपरवायझर पण आत बसणार म्हणालास, याला पाच मिनिटांच्या गप्पा म्हणत नाहीत.

तुझे लालबागचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलेलं की चार्जशीट आली, चौकशी लागली की युनियनचा माणूस बाजूला उभा राहतो, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातच ते आहे की खात्यांतर्गत चौकशीत मान्यताप्राप्त युनियन कामगाराच्या वतीने उभी राहू शकते. म्हणून माझ्या डोक्यात तेच बसलेलं की युनियन चार्जशीटनंतर येते, नुसतं वर बोलावलं तर कशाला त्रास द्यायचा. इथे अमेरिकेत उलटंय, पहिल्या बोलावण्यालाच मागायचं असतं, कारण पुढे जे काही होतं ते त्या पहिल्या अर्ध्या तासात तू काय बोललास त्यावरच उभं राहतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर.

आणि ताईचा सल्ला घेऊ नको याबाबतीत. ती आयटीत आहे, तिच्याकडे युनियन नाही, २००० साली लेबर बोर्डाने युनियन नसलेल्यांना पण सहकारी सोबत नेता येईल म्हटलं होतं आणि २००४ मध्ये ते काढून घेतलं. तिचे एचवन व्हिसावाले मित्र तर एकटेच आत जातात आणि बाहेर येऊन आपल्याला फोन करतात. तुझ्याकडे आहे ते त्यांच्याकडे नाही बाळा.

तर उद्या आत गेल्या गेल्या, बसायच्या आधी, विचारायचं की यातून माझ्यावर ॲक्शन होऊ शकते का. हो म्हणाले, किंवा बघू म्हणाले, किंवा नुसते हसले, तर शांतपणे म्हणायचं, मग मला माझा युनियन रेप पाहिजे, तो आला की मी सगळी उत्तरं देतो. नाही म्हणाले तर उठून तरातरा निघून यायचं नाही, आवाज चढवायचा नाही, तिथेच बसून तेच वाक्य परत म्हणायचं, किती वाजले आणि कोण कोण होतं ते लक्षात ठेवायचं आणि बाहेर आल्यावर लगेच लिहून काढायचं. मधेच विषय बदलला, दुसरंच काही विचारायला लागले, तर तेव्हा पण मागता येतं, कॉलिन्सबाईंनी मधेच परत मागितला होता. कागद पुढे केला तर रेपने वाचल्याशिवाय पेनला हात लावायचा नाही. आणि प्लीज, सॉरी म्हणू नको. मी तुला लहानपणापासून सॉरी म्हणायला शिकवलं, उद्या तेवढा एक तास ते विसर.

तुमच्या फ्लोअरच्या स्टुअर्डचा नंबर ब्रेकरूमच्या युनियन बोर्डवर असेल. सकाळी शिफ्टला गेलास की कपडे बदलायच्या आधी त्याला मेसेज टाक, तीन वाजता एचआर, शुक्रवारचा काउंट, तुम्ही किंवा दुसरं कोणी येऊ शकाल का. त्याने हो म्हटलं की मला नुसता अंगठा पाठव. मी माझा ब्रेक तीनला मागून घेतलाय, फोन एप्रनच्या खिशात असेल.

तुझी,
आई