तुझी ढाक एका फ्रेमने हळू झाली

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पिंट्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू आमच्या कुस्तीच्या व्हिडिओ गेमबद्दल विचारलंस, ‘एकदा गेम झाला की झाला. तोच छोट्या मशीनवर टाकायचा, त्याला आठ महिने कसले लागतात रे?’ तुझ्या मागे उसाचा ट्रॅक्टर धडधडत होता आणि माझं डोकं इथं अडकलेलं, म्हणून ‘येऊन बोलू’ म्हणत मी फोन ठेवला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. उत्तर मोठं आहे, म्हणून पत्र. मागचं पत्र मी तुला अकरावीत लिहिलं होतं, तू कोल्हापूरला तालमीत गेलास तेव्हा. त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, हे लक्षात आहे माझ्या.

आधी फजिती सांगतो. दोन्ही यंत्रं पहिल्यांदा समोरासमोर लावली तो दिवस. टीव्हीला जोडलेला कन्सोल माझ्याकडे, हातातला छोटा भाच्याकडे. कुस्ती एकच. मी ढाक हा डाव मारला. तीच ढाक, तुझी. गुडघा जायच्या आधी तुमच्या कवठेपिरानला आपण मोबाइलवर शूट केली होती ती. भाच्याचा पैलवान आला खाली, दोन्ही खांदे टेकले, हलगी कडाडली, माझ्या पडद्यावर निकाल लागला. मी ओरडलो. भाचा मान वर न करता म्हणतो, ‘मामा, कशाला ओरडतोस? मी अजून खेळतोय.’ जाऊन बघतो तर काय, त्याच्या पडद्यावर डावा खांदा मातीपासून केसभर वर! गडी कुशीवर वळला, उठला, माझ्या पैलवानाच्या पाठीवर बसला, आणि वीस सेकंदांत त्यानंही मला चितपट केलं. एक कुस्ती, निकाल दोन, आणि पंच म्हणून मीच.

याचं कारण अपूर्णांक. लांबून खेळताना ही यंत्रं एकमेकांना चित्रं पाठवत नाहीत. ‘मी आत्ता अमुक बटन दाबलं’ एवढंच कळवतात आणि पूर्ण कुस्ती ज्याची तो आपल्याकडे लढवून बघतो. म्हणजे दोघांचं गणित शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला पाहिजे. दशांशातला शेवटचा आकडा एकानं वर ढकलला आणि दुसऱ्यानं खाली, की पहिल्या सेकंदाला काही कळत नाही, पण चाळिसाव्या सेकंदाला खांदा एकीकडे टेकतो आणि दुसरीकडे टेकत नाही. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या वजनावर वाद नको म्हणून किलोचे दशांश सोडून सगळं ग्रॅमच्या पूर्ण आकड्यात लिहावं, तसं आम्ही केलं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचे २५६ भाग पाडले आणि पैलवानाचं हाड न् हाड पूर्णांकात मोजलं. तुझ्या आठ महिन्यांतले दोन इथं गेले. चित्र एक इंचही बदललं नाही, त्यामुळे कुणाला दाखवायलाही काही नव्हतं. आईला वाटायचं मी दिवसभर नुसता बसून असतो.

गणित एवढं हलकं ठेवायचं आणखी एक कारण आहे. लांबच्या माणसाचं बटन आपल्याकडे पोचायला वेळ लागतो. तोवर यंत्र अंदाजानं कुस्ती पुढं नेतं, आणि अंदाज चुकला की मागं जाऊन तेवढा तुकडा पुन्हा लढवतं. याला रोलबॅक म्हणतात. हे सगळं एका फ्रेमच्या आत उरकायचं असतं. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, आपल्या गेममध्ये सेकंदाचा साठावा भाग, साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात कधी कधी सहा-सात फ्रेमांची कुस्ती पुन्हा लढायची, वर नवीन चित्रही काढायचं. टीव्हीच्या कन्सोलला भिंतीतली वीज मिळते, तो हसत करतो. छोटा बॅटरीवर चालतो, गरम होऊन चालत नाही, म्हणून त्याची चिप मुद्दाम हळू पळवतात.

मग कापायचं काय? चित्र कापायचं, वेळ नाही, यावर मी अडून बसलो. आपल्या गेममध्ये समोरच्यानं मानेला हात घातल्यापासून निसटायला नऊ फ्रेम मिळतात. सेकंदाला साठऐवजी तीसच फ्रेम ठेवल्या तर त्या नवातल्या निम्म्या उडतात. वस्ताद काय म्हणायचे, पट काढताना डोळा मिटलास तर गेलास. इथं यंत्रच डोळा मिटणार.

म्हणून पहिल्यांदा प्रेक्षक गेले. टीव्हीवर आपलं मैदान बघितलंयस ना, फेटे, टोप्या, झाडावर चढलेली पोरं, प्रत्येक जण वेगळा हलतो. छोट्यावर ते सगळे सपाट पाट्या झालेत, जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पडद्यासारखे. वाईट वाटलं, पण हे काही आमचं पाप नवीन नाही. टेकन ३ आठवतो? बसस्टँडजवळच्या त्या बोळातल्या पार्लरमध्ये तासावर खेळायचो, आणि तू कायम एडी गॉर्डो घेऊन नुसत्या लाथा झाडायचास. तो गेम १९९७ मध्ये आर्केडला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर, आला आणि १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर उतरवताना मागचे देखावे सपाट चित्रांचे केले होते. आपल्या कधी लक्षात आलं का? आपलं लक्ष तुझ्या लाथांकडे. २०११ मध्ये निन्टेंडो ३डीएस या हातातल्या यंत्रावर स्ट्रीट फायटर ४ हा मारामारीचा गेम गेला तेव्हाही मागची हलणारी माणसं थिजवली होती. थ्रीडी चालू केलं की फ्रेमही साठाच्या तीस व्हायच्या, ते मात्र मला पटलं नसतं.

पडदा लहान झाल्यावर निघालेली गोची मात्र मला स्वप्नातही सुचली नव्हती. दोन उघडे पैलवान, दोघांच्या अंगाला लाल माती, खालीही लाल मातीच. टीव्हीवर हे इतकं देखणं दिसतं की त्याच जिवावर आम्ही गेम विकला. हातातल्या सात इंचांवर नुसता लाल चिखल! कुणाचा पाय कुणाच्या कमरेला, भाच्याला कळेना, मला कळेना. पकड बसल्यावर दोन माणसांचं एकच गाठोडं होतं, हीच तर कुस्ती, आणि तेच दिसत नाही. लाथाबुक्क्यांच्या गेमला हा त्रास नाही, त्यात दोघं लांब उभे असतात. आम्ही माती गडद केली, लंगोट एक निळा आणि एक भगवा केला, अंगाच्या कडेला उन्हाची बारीक रेघ दिली. तरी जमेना. शेवटी अंगाला लागणारी मातीच छोट्या पडद्यावर निम्मी केली. तू बघितलंस तर म्हणशील, हे काय, आंघोळ करून आलेत होय?

तू गादीवरच्या कुस्तीला नावं ठेवायचास, ‘ती काय कुस्ती, सतरंजीवरचं लोळणं.’ मीही छोट्या पडद्याकडे तसाच बघत होतो. पण तूच सांगितलेलं खाशाबा जाधवांचं आठवलं. गोळेश्वरच्या लाल मातीतला गडी १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आला. माती सोडून गादीवर पाय रोवायचा म्हणजे अंग नव्यानं शिकावं लागतं, तरी ढाक ती ढाकच. आणि महाराष्ट्र केसरीला माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांचीच शेवटची जोड लागते ना? आमचंही नेमकं तसंच आहे. टीव्हीवाला आणि हातातला, दोघं एकमेकांविरुद्ध खेळणार. त्यामुळे मातीचा रंग, प्रेक्षक, उजेड वेगळा चालेल. डावाचा वेळ आणि पोच मात्र तसूभरही वेगळी चालणार नाही.

आता बटनं. इथं तुझी माफी मागायची आहे, म्हणून जरा फिरून येतो.

१९९१ चा स्ट्रीट फायटर २ सहा बटनांचा. १९९२ मध्ये तो सुपर निन्टेंडो या घरच्या कन्सोलवर गेला, त्याच्या पॅडला, म्हणजे हातात धरायच्या बटनांच्या पट्टीला, योगायोगानं सहा बटनं होती, निभावलं. सेगाच्या पॅडला तीनच, म्हणून त्यांनी १९९३ मध्ये सहा बटनांचा नवा पॅड काढला. हातातल्या गेम बॉयला तर खेळायची दोनच बटनं आणि पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. तरी टाकारा कंपनीनं त्यावर किंग ऑफ फायटर्स ९५ बसवला, पैलवान मोठ्या डोक्याचे, बुटके, बाहुल्यांसारखे करून. एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर नेणं म्हणजे पोर्ट, आणि माझ्या मते तो फार शहाणा पोर्ट होता. त्यांनी मोठं चित्र दाबून बारीक केलं नाही, लहान जागेत मावेल असं नवंच काढलं. निओ जिओ पॉकेट या दुसऱ्या हातातल्या यंत्रावर दोनच बटनं असताना हलकी दाबली की हलका मार, धरून ठेवली की जोराचा. 

आपल्या गेमला चारच बटनं, हात, पाय, पकड, बचाव, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ढाकेला आधी स्टिक मागून खालून पुढं फिरवावी लागते, मग पकड. टीव्हीच्या पॅडवर अंगठा मोकळा असतो. छोट्यावर यंत्राचं वजनही त्याच हातांनी पेलायचं, स्टिकही बुटकी, आणि अंगठा नेमका खालचा तिरका कोपरा चुकवतो. भाचा दहा वेळा ढाक मारायला जायचा, चार वेळा लागायची. उरलेल्या वेळी त्याचा पैलवान खाली बसून राहायचा, जोर-बैठका काढतोय जणू.

ज्यांनी पैसे घातलेत ते म्हणाले, छोट्यावर एकाच बटनावर ढाक द्या. माझं डोकं फिरलं. तीन दिवस मी त्यांचा फोन घेतला नाही. तशी ही मागणी काही अडाणी नव्हती. ३डीएसवर मोठे डाव टचच्या बटनांवर दिले होतेच. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ मध्येही सोपी पद्धत आहे, फक्त तशा मारलेल्या खास डावाचा मार वीस टक्क्यांनी कमी. पण तिथं ती सोय सगळ्यांना आहे, एकाच यंत्राला नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. एक तिरका कोपरा चुकला तर माफ, आणि फिरवायला दहाऐवजी चौदा फ्रेम, पण दोन्ही यंत्रांवर सारखंच. झालं, टीव्हीवाले उठता बसता ढाक मारायला लागले. दुसरा डावच कुणी खेळेना. म्हणून तिची सुरुवात सहा फ्रेमांची सात करावी लागली.

म्हणजे पिंट्या, तुझी ढाक एका फ्रेमने हळू झाली. सेकंदाचा साठावा भाग. कुणालाही कळणार नाही, पण तुला कळेल असं मला वाटत राहिलं, आणि फोनवर हेच सांगायला जीभ रेटत नव्हती. त्या शूटिंगच्या दिवशी तू एकवीस वेळा ढाक मारलीस, शेवटच्या वेळी गुडघा धरून खाली बसलास आणि तरी म्हणालास, ‘अजून एकदा घेऊ, मघाशी हात उशिरा गेला.’ तो उशीर मी आता मुद्दाम घातलाय.

एक गंमत. एवढं सगळं करून छोट्यावरच गेम जास्त चपळ वाटतो. टीव्ही चित्र आधी नटवतात आणि मग दाखवतात. त्यात गेम मोड चालू नसेल तर बटन दाबल्यावर पैलवान चहा पिऊन आल्यासारखा हलतो. घरोघरचा टीव्ही वेगळा, माझ्या हातात काही नाही. आमच्या घरचा तर संध्याकाळी आईच्या मालिकांच्या ताब्यात. छोट्याचा पडदा एकच, ठरलेला, म्हणून तिथं मला नेमकं माहीत असतं.

आवाजाचं तेवढं राहिलंय. छोट्या स्पीकरला खालचा घुमार पेलत नाही. ढोल पार गायब झाला. हलगी मात्र तिथंही कडकडते, म्हणून सगळी मदार तिच्यावर टाकलीय. पण सलामीच्या आधी तू मांडीवर शड्डू ठोकलेला आहेस ना, तो टीव्हीवर दणकतो आणि छोट्यावर कुणी पुस्तक मिटल्यासारखा येतो. मी टाळ्या, चामडं, ओला टॉवेल, सगळं रेकॉर्ड करून बघितलं. कशालाच ती धार नाही. तो पुन्हा घ्यायचाय, माइक जवळ धरून, तळहात जरा मोकळा ठेवून.

तर पुढच्या रविवारी ये. उभं राहायची गरज नाही, खुर्चीवर बसून ठोक. माती लागत नाही, लंगोटही लागत नाही. काकूंना नमस्कार सांग, आणि येताना त्यांच्या हातचं मेतकूट आण. भडंग मी आणून ठेवतो.

तुझाच,
बंड्या

ता. क. भाचा विचारतोय, ढाकेतून सुटायचं कसं ते ‘खऱ्या पैलवानानं’ दाखवावं. मी सांगितलं, विचार त्यालाच.