तलावासाठी माणसं हवीत, आणि थोडं सामानसुद्धा

नमस्कार मंडळी,

तलावावर काम करणाऱ्या आमच्या स्वयंसेवक गटाकडून हे आवाहन. सफाई मोहीम ठेवली की गर्दी होते, पोती भरून प्लास्टिक निघतं, फोटो निघतात, चांगलंच आहे ते. पण दुसऱ्या आठवड्यात काठावर परत आम्ही तेच पाच-सहा जण! खरा त्रास पाण्यात विरघळून येतो, तो पिशवीत भरून नेता येत नाही, आणि त्याच्यामागे लागायला नियमित येणारी माणसं लागतात.

मुख्य भानगड फॉस्फरसची. सांडपाणी, डिटर्जंट, शेतातलं नि लॉनवरचं खत, सगळ्यातून तो येतो आणि शेवाळ माजतं. कॅनडात १९७३ साली शास्त्रज्ञांनी २२६ नंबरच्या तलावात मधोमध पडदा लावला, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. इतकं साफ उत्तर क्वचितच मिळतं.

आता यात क्लायमेट चेंज कुठून आला? तर पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, वर गरम पाण्याचा थर बसून राहतो, खाली ऑक्सिजन पोचत नाही, मग गाळात अडकलेला फॉस्फरस परत सुटायला लागतो, म्हणजे बाहेरून यायचा बंद केला तरी आतून चालूच, वर त्याच गाळातून मिथेन निघतो जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटीहून जास्त उष्णता धरतो. एक तलाव वाचवून जग थंड होणार नाही, कोळसा आणि तेल जाळणं कमी व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण सडका तलाव त्यात भर घालतो हेही खरंच आहे ना.

बरेच जण सांगतात की एखादं औषध टाका, शेवाळ मरेल. मरेल हो, पण मेलेलं शेवाळ तळाला जाऊन कुजतं, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं आणि मासे वर तरंगतात. त्यामुळे औषधासाठी देणगी द्यायची असेल तर प्लीज नको. काठाला फरशी आणि दिवे लावायलाही नको, काठावरची लव्हाळी, गवत हेच वरून येणारा गाळ अडवतात, ते उपटून सुशोभीकरण कसलं?

उपाय आहे, पण तो काठापासून लांब, नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. अमेरिकेतल्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६०च्या दशकात सांडपाणी सोडणं बंद केलं आणि त्यानंतर काही वर्षांत पाणी नितळ झालं. तिथेही लोकांनी लावून धरलं म्हणूनच झालं.

तर आम्हाला काय हवंय. एक म्हणजे दर पंधरा दिवसांनी सकाळचे दोन तास देणारे लोक, पाण्याचं तापमान, ऑक्सिजन, पारदर्शकता मोजायला आणि वहीत लिहायला. पारदर्शकता मोजायची सेक्की डिस्क म्हणजे दोरीला बांधलेली २० सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी, दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते बघायचं, १८६५पासून चालत आलेली पद्धत आहे, कोणीही दहा मिनिटांत शिकतं. आकडे सलग असले तरच अधिकाऱ्यांपुढे आपलं म्हणणं टिकतं, नाहीतर "तुम्हाला असं वाटतंय" म्हणून बोळवण होते. दुसरं, नाल्यांच्या कडेने चालत जाऊन घाण पाणी नक्की कुठून घुसतंय ते नकाशावर मांडणारे, यात तरुण पोरंपोरी आली तर फार बरं. आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी सामानाला हातभार लावा: ऑक्सिजन आणि फॉस्फेट तपासायचे किट, हातमोजे, लाइफ जॅकेट, काठावर लावायला स्थानिक रोपं. वस्तू दिली तरी चालेल, पैसे दिले तर पावती घ्याच, आणि खर्चाचा हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेवला जाईल.

पोहता येत नसेल तरी या, काठावरच भरपूर काम आहे. होडीत फक्त लाइफ जॅकेट घातलेलेच बसतात, आणि सध्या जॅकेट दोनच आहेत, म्हणून सामानात पहिला नंबर त्यांचा.