पाच किलोचा घण आणि तुमच्या हेल्पलाइनचा सल्ला

लष्कर, ग्वाल्हेर
२ जून

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दांड्यातून निसटलेला घण, चुकीचा सल्ला आणि नुकसानभरपाईबाबत

महोदय,

तुमचा कारखाना महाराष्ट्रात आहे, म्हणून मराठीतच लिहितो. हेल्पलाइनवर हिंदीत बोललो होतो, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

माझं इथे दगडकामाचं छोटं वर्कशॉप आहे. २२ एप्रिलला लोहिया बाजारातून तुमचे पाच किलोचे, लाकडी दांड्याचे दोन घण घेतले. आम्ही सँडस्टोनच्या ठोकळ्यात ओळीने भोकं पाडतो, त्यांत लोखंडी पाचरी बसवतो आणि पाळीपाळीने एकेका पाचरीवर ठोका देत जातो. शेवटी दगड आपोआप उकलतो. या कामात अंगातली रग दाखवायची नसते, नेम सांभाळायचा असतो.

१४ मे रोजी एका घणाचं डोकं दांड्यावर किंचित हलतंय असं कारागिराने दाखवलं. मी लगेच तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, "रातभर पानी में डाल दीजिए, टाइट हो जाएगा." तसंच केलं. दुसऱ्या दिवशी डोकं खरंच घट्ट बसलं. १७ तारखेला दुपारी पाचव्या पाचरीवर ठोका पडायच्या आधीच ते दांड्यातून सुटलं, समोरच्या मुलाच्या खांद्याजवळून गेलं आणि भिंतीला टेकवलेल्या तयार दगडी जाळीवर आदळलं. जाळीचे तीन तुकडे झाले. मुलगा वाचला. त्या दिवशी सकाळी मी घण तपासला नव्हता, हे कबूल करतो.

पण भिजवायला सांगितलं कुणी? पाण्याने लाकूड फुगतं खरं, पण लोखंडाच्या भोकात फुगायला जागाच नसते. तिथले तंतू चेपतात, आणि लाकूड वाळलं की पहिल्यापेक्षाही जास्त ढिलं होतं. त्यात आमच्याकडचा मे महिना! पारा ४५ अंशांवर आणि वर लू. रात्री भिजवलेलं लाकूड तिसऱ्या दिवशी हाडासारखं कोरडं. आमच्या जुन्या मिस्त्रींना हे ठाऊक होतं. मीच त्यांना गप्प केलं, कंपनीवाले सांगतात म्हणून.

तुटक्या जाळीपाशी बसून मग घण नीट पाहिला. डोक्यातलं दांड्याचं भोक दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद हवं, म्हणजे दांड्याच्या टोकात ठोकलेल्या पाचरीने पसरलेलं लाकूड वरून निसटत नाही. तुमचं भोक सरळ नळीसारखं आहे आणि त्यात लोखंडाची एकच पातळ पाचर. दुसऱ्या घणाचा दांडा बुडाकडून पाहिला, तर वलयांच्या रेषा ठोक्याच्या दिशेला आडव्या. या रेषा घणाच्या ठोका देणाऱ्या एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे धावायला हव्यात. शिवाय मानेपाशी तंतू तिरके कापले गेलेत आणि तिथेच बारीक चीर दिसते. तोही घण मी बाजूला काढला.

वजनाचाही खुलासा हवा. लेबलवर पाच किलो आहे, पण सुटलेलं डोकं काट्यावर टाकलं तर ४ किलो १०० ग्रॅम भरलं. पाच किलो भरतात ते दांड्यासकट. दगडकाम करणारा माणूस डोक्याचंच वजन विचारतो, आणि तेच बघून कुठला घण कुणाच्या हाती द्यायचा ते ठरवतो. माझा नियम साधा आहे: वीस ठोक्यांनंतरही ज्याचा नेम हलत नाही, तो घण त्याचा. फार जड घण हळू येतो, आणि वेग निम्मा झाला की ठोक्याची ताकद चौथाईवर येते. वर दमलेल्या हाताचा ठोका पाचरीच्या कडेवर बसतो, ते वेगळंच.

पॅकिंगवर सूचना एकही नाही. चित्रात एक पिळदार गडी उघड्या डोळ्यांनी खडक फोडतोय. चष्मा घाला, रोज डोकं हलवून बघा, घणावर घण मारू नका, पाचरीचं डोकं फुलून कडा उलटल्या की त्या घासून काढा, एवढ्या चार ओळी छापायला किती शाई लागते?

दोन्ही घणांची किंमत आणि जाळीचे ६,५०० रुपये मला परत हवेत. त्याच लॉटचे घण दुकानांतून मागे घ्या, आणि हेल्पलाइनवरचा तो भिजवण्याचा सल्ला आजच बंद करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकाची असते, आणि वापराच्या पुरेशा सूचना न देणंही त्यात येतं. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत आणि फोटो जोडले आहेत. दोन्ही घण, सुटलेला दांडा आणि जाळीचे तुकडे जसेच्या तसे ठेवलेत. तुमचा माणूस पाठवायचा असेल तर पावसाच्या आधी पाठवा. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगेल, आणि तुम्ही म्हणाल, घट्टच तर आहे.

आपला,
एक ग्राहक