रीफ टाकीची देखभाल नाही, आराखडा चुकला आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: घरगुती रीफ टाकीच्या (प्रवाळ आणि मासे ठेवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीच्या) उभारणीतील दोष, आणि 'वापरातील निष्काळजीपणा' हा आपल्या तंत्रज्ञाचा अहवाल अमान्य असल्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

रत्नागिरीत आमच्या घरी आपण उभारलेल्या सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच टाकीचा पाहणी अहवाल मिळाला. फरशीवर पाणी आलं ते 'संपमध्ये (टाकीखालच्या, पाणी फिरवणाऱ्या छोट्या टाकीत) जास्त पाणी भरल्याने', शंख आणि मऊ प्रवाळ मेले ते 'जास्त खाद्य टाकल्याने' आणि खालचं कपाट फुगलं ते 'कोकणातल्या दमट हवेमुळे', असं त्यात म्हटलं आहे. तिन्ही कारणं आम्हाला मान्य नाहीत. का नाहीत ते आकड्यांनिशी लिहीत आहोत. टेप घेऊन बसलात तर अर्ध्या तासात सगळं पडताळता येईल.

आधी सांडलेल्या पाण्याचं. या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की १३ लिटर पाणी कमी होतं. संपमधलं पाणी वर टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या दोन्ही नोझलची तोंडं आपण पातळीच्या ६ सेंटिमीटर खाली बसवली आहेत. पंप चालू असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. लाइट गेली की मात्र त्याच पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं आणि नोझलचं तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत थांबत नाही. हे झाले ७८ लिटर. टाकीतलं वरचं पाणी खाली संपमध्ये सोडणारा ओव्हरफ्लोचा कप्पा आणि पाइप रिकामे होतात त्याचे १२ लिटर धरा. एकूण ९० लिटर संपमध्ये येणार. आपला संप ३६ बाय १८ बाय १६ इंचांचा आहे, चालू पातळीची खूण आपल्याच माणसांनी ३० सेंटिमीटरवर मारली आहे, आणि काठापर्यंत उरतात १० सेंटिमीटर. सेंटिमीटरला चार लिटर, म्हणजे जागा ४० लिटरची. बाकीचे ५० लिटर फरशीवर येणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. खुणेच्या वर आम्ही एक तांब्याही ओतलेला नाही.

पाणी उलटं जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह बसवला आहे, हे अहवालातलं उत्तर चालणार नाही. रीफच्या पाण्यात त्याच्या पडद्यावर चुन्याचा थर धरतो आणि तो पूर्ण मिटत नाही. ते बॅकअप असू शकतं, भिस्त त्याच्यावर ठेवायची नसते. हवा शिरण्यासाठी नोझलजवळ पाडलेलं ३ मिलीमीटरचं भोकही शेवाळाने नाहीतर एखाद्या गोगलगाईने बंद होतं. खात्रीचा उपाय एकच, नोझल पातळीच्या जेमतेम २ सेंटिमीटर खाली ठेवणे आणि संप मोठा घेणे. ४८ इंची संप याच स्टँडखाली बसतो. मग वरून येणारं पाणी ३८ लिटर आणि जागा ५० लिटरच्या वर, असं गणित जमतं. काम सोपवण्याआधी पंप बंद करून पंधरा मिनिटं उभं राहिलं असतं तरी हे कळलं असतं. पावसाच्या तोंडावर इथे फांदी तारेवर पडली की तास-दोन तास लाइट नसते. ती इथे कोणाला बातमी वाटत नाही, पण आपल्या आराखड्यात तिचा विचारच नाही.

नुकसान फरशीपुरतं थांबत नाही. लाइट परत आली की पंपाच्या कप्प्यात ५० लिटर कमी असतात, वाफेने घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या ऑटो टॉप-अपचा फ्लोट खाली बसलेला असतो आणि तो आरओचं गोडं पाणी सोडत सुटतो. सुमारे ८५० लिटरच्या या व्यवस्थेत क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ वरून ३३ वर येते, तीही काही तासांत. शिवाय विजेची पट्टी आपण कपाटाच्या तळाला, संपच्या बाजूला स्क्रूने ठोकली आहे आणि वायरींना ड्रिप लूप (थेंब प्लगकडे न जाता खाली पडावेत म्हणून ठेवलेला झोल) दिलेला नाही. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आधीपासून होता म्हणून निभावलं. आपल्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नाही.

ओव्हरफ्लोला ड्युर्सो पद्धतीचा (पाण्याबरोबर हवाही घेत आवाज न करता पाणी उतरवणारा) एकच, एक इंची पाइप आहे. त्यातून ताशी हजार-बाराशे लिटर शांतपणे उतरतात. आपण पंप दिला आहे ताशी ६,००० लिटरचा. चढामुळे त्यातले निम्मे गेले तरी उरलेलं पाइपाला झेपत नाही. म्हणून पाइप मधूनच पूर्ण भरून गटागटा ओढतो, मग हवा घेतो, आणि पातळी दिवसभर वरखाली होते. हा एक पाइप तुंबला तर पाणी वरच्या काठावरून येईल. गेट व्हॉल्व्हने आवळलेला मुख्य पाइप, थोडं पाणी वाहून नेणारा दुसरा आणि एरवी कोरडाच राहणारा तिसरा, अशी रचना हवी. मागची काच टफन्ड नाही, तेव्हा पातळी उतरवून हिऱ्याच्या होलसॉने भोकं पाडता येतील.

आता मेलेल्या जिवांचं. आठवडाभरात आधी शंख, मग झिंगे गेले, मग झोआ आणि मशरूम हे मऊ प्रवाळ मिटले ते उघडलेच नाहीत. मासे मात्र खात-पीत आहेत. खाद्य जास्त झालं असतं तर नायट्रेट आणि फॉस्फेट चढले असते; आमच्या नोंदीत ते अनुक्रमे ८ आणि ०.०७ पीपीएम (दहा लाखांत भाग) आहेत, अमोनिया शून्य. मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव मेले की पहिला संशय तांबं या धातूवर घ्यायचा असतो. आजारी माशांवर तांब्याचं औषध ०.१५ ते ०.२ पीपीएमला देतात, त्याच पाण्यात झिंगे-गोगलगाई जगत नाहीत. संपमागे हात घालून पाहिलं तर रिटर्न लाइनवर पितळी बॉल व्हॉल्व्ह सापडला, आतून हिरवा पडलेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कोटेशनमध्ये 'सर्व जोडकाम यूपीव्हीसी', म्हणजे कडक प्लास्टिकचं, असं लिहिलेलं आहे. ऐनवेळी व्हॉल्व्ह कमी पडला आणि नळाच्या दुकानातून मिळेल तो आणला, एवढाच अर्थ आम्हाला लागतो. व्हॉल्व्ह काढून जपून ठेवला आहे. फक्त तो बदलून भागणार नाही, कारण चुनखडीचा दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू परत सोडतात. दगड-वाळू नवीन, तांबं शोषणारं रेझिन आणि टाकीचं पूर्ण पाणी बदलण्याइतकं मीठ, म्हणजे ३२ किलोच्या आसपास, आपल्या खर्चाने हवं.

कपाटाबाबत थोडक्यात. ऑर्डर मरीन प्लायची, म्हणजे आयएस ७१०ची आहे. फुगलेली फळी काढली तर तिच्यावर आयएस ३०३चा, म्हणजे साध्या प्लायचा, शिक्का निघाला. दमट हवेला दोष देण्याआधी हा फोटो पाहावा.

कपाटाच्या दारावर आपण चिकटवलेला सूचनाफलकही बदलावा. 'पातळी कमी झाल्यास मीठमिश्रित पाणी भरावे' ही सूचना चुकीची आहे. वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागेच राहतं. रोज १० लिटर वाफ आणि तेवढंच खारं पाणी म्हणजे रोज ३५० ग्रॅम जादा मीठ. दहा दिवसांत क्षारता ३५ वरून ३९ वर. आम्ही सूचना पाळली नाही म्हणून मासे तरी उरले.

राहिला प्रश्न बदली मालाचा. भरपाई म्हणून 'मालवणकडचा लाइव्ह रॉक (जीव-जिवाणू असलेला समुद्रातला दगड) आणि दगडी प्रवाळ, बिल न करता' देण्याची फोनवरची तयारी आम्ही नाकारत आहोत. दगडी प्रवाळांना २००१ पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, हे या धंद्यात असलेल्यांना आम्ही सांगावं लागू नये. कोरडा चुनखडीचा दगड द्या. घाण पचवणारे जिवाणू त्यावर बसायला चार ते सहा आठवडे लागतील, तोवर मासे दुसऱ्या टाकीत ठेवण्याची सोयही आपणच करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि दुरुस्तीची तारीख कळवावी. न कळवल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. आपलं कार्यालय मुंबईत असलं तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आम्हाला राहत्या जिल्ह्यात करता येते. मोजमापांची यादी, पाण्याच्या नोंदी, व्हॉल्व्ह आणि प्लायचे फोटो सोबत जोडले आहेत. पुढची पाहणी आमच्यासमोर, मेन स्विच बंद करून व्हावी.

कळावे,
आपला ग्राहक, रत्नागिरी